राघूला सोबत नेताना

गेल्या उन्हाळ्यातील एका रविवारची गोष्ट. परगावाहून आलेल्या पाहुण्यांना बीदरचा किल्ला दाखविण्याचे काम माझ्याकडे आले होते. नौबादला राहणाऱ्या माणसावर हा प्रसंग वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच. रंगीन महालातील शिंपल्यांचे जडावकाम, सोळा खांब मशीद हे सारे दाखवून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन चांगलेच तापले होते. ओळीने उभ्या असलेल्या मोटारींपैकी एका पांढऱ्या मोटारीच्या मागच्या काचेपाशी माझे लक्ष गेले आणि पाय जागीच थबकले.

आत बैठकीवर एक पिंजरा होता. पिंजऱ्यात एक करड्या रंगाचा पक्षी. डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. हल्ली शहरांतून हौसेने पाळतात तो कॉकाटील जातीचा लहानसा पोपट. त्याची चोच उघडी होती, पंख अंगापासून दूर धरलेले होते आणि छाती भात्यासारखी हलत होती. मोटारीची एक काच दोन बोटे खाली ठेवलेली होती. मालकाने आपल्या समजुतीप्रमाणे पक्ष्याच्या हवेची सोय केली होती.

पहारेकऱ्याला सांगून, हाका मारून आम्ही मालकाला शोधून काढले. सोलापूरकडचा तरुण होता. सोबत आई व लहान मुलगा. धावत आला, पण थोडा रागावूनच म्हणाला, "काका, दहाच मिनिटं झाली की हो! काच उघडीच ठेवलीय." मी म्हटले, "वाद मागून घालू. आधी दार उघडा." पिंजरा झाडाच्या सावलीत नेला. मुलाच्या आजीने पदराने वारा घातला. बाटलीतल्या साध्या पाण्याने पक्ष्याचे पाय भिजवले, चोचीशी पाण्याचा थेंब धरला. पाव तासाने त्याने चोच मिटली. अर्ध्या तासाने तो दांडीवर चढून बसला. तेव्हा ती माउली डोळे पुसत म्हणाली, "नातवाचा जीव आहे हो यात."

माझ्या पाहुण्यांना माझी ही लगबग थोडी विचित्रच वाटली असावी. एका परक्याच्या पाखरासाठी हेडमास्तरांनी एवढा आरडाओरडा का करावा? त्याचे कारण मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही. वाचकहो, ते आज आपणांस सांगतो.

ते १९७९ साल होते. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमची आत्या लवकर वैधव्य येऊन माहेरी परतलेली होती. तिला मूलबाळ नव्हते. एक राघू होता. गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला, आपल्याकडच्या शेताशिवारात दिसतो तो साधा हिरवा पोपट. सकाळी तो 'विठ्ठल विठ्ठल' म्हणे आणि माझी शाळेची वेळ झाली की आत्याच्याच आवाजात मला हाक मारी. त्या काळी आमच्या गल्लीत चार घरांआड एक पिंजरा असे. कानडी शेजारणी त्याला 'गिणी' म्हणत, मुसलमान शेजारी 'मिठ्ठू' म्हणत, आणि तो सर्वांना आपापल्या भाषेत उत्तर देई, असे आत्या अभिमानाने सांगे.

वैशाखात उदगीरला घरचे लग्न निघाले. अण्णांनी भाड्याची अँबॅसडर ठरविली. आत्या राघूला मागे ठेवायला तयार नव्हती. पिंजरा मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचे, असे तिने ठरविले होते. पण खिडकीची जागा मला हवी होती. मी रडलो, हातपाय आपटले. शेवटी कोणीतरी म्हणाले, "पोराला बसू द्या. पिंजरा डिकीत ठेवा, ट्रंकांवर. दोन तासांचा तर प्रवास." आत्या काही बोलली नाही. मी खिडकीशी बसलो. वाटेत मोटार दोनदा थांबली. एकदा पाण्यासाठी, एकदा चाकातली हवा गेली म्हणून. भर दुपारी आम्ही उदगीरला पोचलो. डिकी उघडली, तेव्हा राघू पिंजऱ्याच्या तळाशी आडवा पडलेला होता.

आत्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता, तर कदाचित हा प्रसंग मी विसरूनही गेलो असतो. असो.

त्या वेळी काय घडले हे मला पुढे फार वर्षांनी नीट समजले. आमच्या बीदरला नंदीनगरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. तेथे शिकलेल्या एका परिचित पशुवैद्यांशी या विषयावर अनेकदा बोलणे झाले. पक्ष्याच्या शरीराचे तापमान मुळातच एकेचाळीस अंशांच्या आसपास असते. माणसाला एवढा ताप आला, तर घरात धावपळ उडेल. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचा त्यांचा मुख्य मार्ग म्हणजे जलद श्वास. भोवतालची हवाच तापली आणि कोंडली, की हा मार्ग निकामी होतो. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीतील तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा सतरा-अठरा अंशांनी चढू शकते, असे प्रयोगान्ती दिसून आले आहे. त्यातील बरीचशी वाढ पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच होते आणि काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे बाहेर अडतीस अंश असतील, तर आत पंचावन्नच्या घरात जाणार. अशा ठिकाणी 'दहाच मिनिटे' हा शब्दप्रयोग किती फसवा आहे, हे लक्षात यावे.

दुसरी गोष्ट श्वासाची. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यामुळे हवेतील प्राणवायू त्यांना आपल्यापेक्षा अधिक चांगल्या रीतीने घेता येतो. पण त्याच वाटेने हवेतील विषही तितक्याच चपळाईने आत शिरते. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पूर्वी पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेत असत, ते याच कारणाने. आमच्या नौबादच्या भुयारी जलमार्गाला, ज्याला लोक सुरंग बावी म्हणतात, पंधराव्या शतकातील कारागिरांनी ठराविक अंतरावर वरपर्यंत उघडी तोंडे ठेवली. पाण्याबरोबर हवेचीही वाट राखली पाहिजे, एवढे भान त्यांना होते. आपण मात्र मोटारीत सुगंधी फवारा मारतो, सिगारेट ओढतो, देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावतो आणि मागे पिंजरा ठेवतो. पक्षी सोबत असताना यांतले काहीही करू नये.

पोपटाला माणसाच्या घरात स्थान मिळाले ते आजकालचे नव्हे. संस्कृतातील शुक आणि कीर, मराठीतील रावा आणि राघू ही नावेच त्याची जुनी ओळख सांगतात. 'शुकबहात्तरी'तील शहाणा पोपट आपल्या आजी-पणजींना ठाऊक होता. आमच्या शेजारच्या गोवळकोंड्यात गव्वासी या कवीने १६३९ साली दखनी भाषेत 'तूतीनामा' रचला, त्यातही गोष्टी सांगणारा पोपटच आहे. परंतु या सर्व कथांतील पोपट घरातच राहतो. प्रवासाला जातो तो मालक. आज मोटार दारात आली आणि पोपटही प्रवासी झाला. तेव्हा त्याच्या प्रवासाचे शास्त्र आपण शिकून घेतले पाहिजे.

पहिला प्रश्न : त्याला न्यायलाच हवे काय? एक-दोन दिवसांचे जाणे असेल आणि घरी किंवा शेजारी ओळखीचे माणूस असेल, तर पक्षी आपल्या जागी अधिक सुखी असतो. लग्न, जत्रा, फटाके, बँड या गोष्टी आपल्या आनंदाच्या, त्याच्या भयाच्या. मात्र मुक्काम मोठा असेल, तर त्याला एकटे कोंडून जाण्यापेक्षा सोबत नेणे बरे.

न्यायचे ठरले, तर तयारी आठ-दहा दिवस आधीपासून करावी. प्रवासासाठी घरचा मोठा पिंजरा नेऊ नये. लहान, भक्कम, चहूबाजूंनी हवा खेळेल असा पिंजरा वेगळा ठेवावा. आधी तो घरातच उघडा ठेवून पक्ष्याला त्यात जाण्यायेण्याची सवय लावावी. मग उभ्या मोटारीत पाच मिनिटे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग पापनाशपर्यंत एक फेरी. काही पक्ष्यांना मोटार लागते. ते डोलतात, खाल्लेले बाहेर टाकतात. हे घराजवळच कळलेले बरे.

पिंजऱ्यातील दांडी तळापासून चार-सहा बोटांवरच असावी, म्हणजे धक्क्याने पक्षी पडला तरी इजा होणार नाही. तळाशी जुना पंचा घडी करून घालावा. झोपाळे, घुंगरे, जड वाट्या काढून टाकाव्यात. धक्क्यासरशी तीच त्याच्या अंगावर आदळतात. दाराची कडी तारेने किंवा छोट्या कुलपाने पक्की करावी. चोचीने कडी काढणे हा पोपटाचा हातखंडा खेळ आहे. पिंजरा मागच्या बैठकीवर ठेवून त्यातून सुरक्षापट्टा घालून बांधावा. पुढच्या बैठकीवर ठेवू नये, कारण अपघातात तेथील हवेची पिशवी ज्या वेगाने फुगते, तो वेग पिंजऱ्याला चुरडून टाकील. डिकीत तर कधीच ठेवू नये. यापुढे एक शब्दही मला लिहिता येत नाही.

मांडीवर घेऊन, खांद्यावर बसवून नेण्याचा मोह अनेकांना होतो. मुले तर हट्टच धरतात. पण मोकळा पक्षी हॉर्नच्या आवाजाने बिथरला, तर तो चालविणाऱ्याच्या तोंडावर झेप घेईल किंवा पायांशी, ब्रेकखाली शिरेल. त्यात त्याचा एकट्याचाच जीव जाईल असे नाही.

निघावे पहाटे. आमच्या भागात वैशाखातले दहा वाजले म्हणजे प्रवास थांबविण्याची वेळ झाली, असे समजावे. पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर पातळ सुती कापड घालावे आणि एक बाजू मोकळी ठेवावी. बाहेर पळणारी झाडे व वाहने दिसेनाशी झाली, की पक्षी शांत राहतो. ऊन थेट पडू देऊ नये, तसाच वातानुकूलनाचा गार झोतही थेट लागू देऊ नये. पाण्याची वाटी हिंदकळून तळ ओला होतो. म्हणून चालत्या मोटारीत काकडीची चकती, पेरूची फोड किंवा बिया काढलेले सफरचंद द्यावे आणि तासातासाने थांबून पाणी दाखवावे. धाब्यावरची भजी, खारे शेंगदाणे, चहा, चॉकलेट यांतले काही 'हौसेने' भरवू नये. हल्ली मिळणारे ॲव्होकॅडो हे फळ तर पोपटांना विषच आहे.

उन्हाचा ताप झाल्याची खूण लक्षात ठेवावी : उघडी चोच, दूर धरलेले पंख, जलद धाप, आणि नंतर झोकांड्या. अशा वेळी सावलीत न्यावे, वारा घालावा, पाय व पंखांखालची बाजू साध्या पाण्याने ओलसर करावी. बर्फ लावू नये, चोच उघडून पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. सुधारणा झाली तरी पशुवैद्यांना दाखवावे.

मुक्कामाच्या घरी पोचल्यावर पहिले काम म्हणजे छताचा पंखा बंद करणे. नवख्या खोलीत बावरून उडालेला पक्षी फिरत्या पंख्यात सापडण्याचा धोका फार मोठा. खिडक्या लावाव्यात, आरसे झाकावेत, पाण्याची भांडी व चूल यांवर झाकणे असावीत. कोरड्या तापलेल्या नॉन-स्टिक तव्यातून निघणारा धूर माणसाला कळतही नाही, पण पक्षी त्याने दगावतो. यजमानांकडे मांजर आहे काय, हे जाण्यापूर्वी विचारावे. विचारण्यात संकोच कसला? आणि पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लहानथोरांना लावावी, कारण पोपटांकडून माणसांना होणारे काही आजार आहेत.

'पंख कापले आहेत, कोठे जाणार?' या भरवशावर पुष्कळांनी आपले पक्षी गमावले आहेत. कापलेल्या पंखांचा पक्षीही वाऱ्याच्या झोताबरोबर दूर जातो, आणि उतरतो तो कुत्र्याच्या किंवा मोटारीच्या पुढ्यात. पायात साखळी घालणे त्याहून वाईट. घाबरून झेप घेतली, की ते काडीसारखे हाड मोडते. २०२२ च्या जुलैत आपल्याच राज्यातील तुमकूर येथे एका कुटुंबाचा आफ्रिकन करडा पोपट घरातून उडाला. त्या कुटुंबाने गावभर पत्रके लावून पन्नास हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले. पोपट काही किलोमीटरांवर सापडला, आणि आणून देणाऱ्याला त्यांनी आनंदाने पंच्याऐंशी हजार रुपये दिले. वर्तमानपत्रांतून ही बातमी वाचून काही जण हसले. मी हसलो नाही. पक्षी निसटलाच, तर मागे धावू नये. रिकामा पिंजरा, दार उघडून, आवडीचा खाऊ ठेवून जेथून तो उडाला तेथेच उंचावर ठेवावा आणि ओळखीच्या माणसाने ओळखीच्या शब्दांत हाक मारीत राहावे. संध्याकाळी तो ज्या झाडावर बसलेला दिसेल, तेथे दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी जाऊन उभे राहावे.

स्वतःची मोटार नसलेल्यांनी आधी नियम विचारून घ्यावेत. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळूरहून म्हैसूरला जाणाऱ्या राज्य परिवहनाच्या बसमध्ये एक आजी व नात चार लव्हबर्ड घेऊन बसल्या. शक्ती योजनेमुळे त्या दोघींना तिकीट पडले नाही, पण पाखरांना प्रत्येकी एकशे अकराप्रमाणे चारशे चव्वेचाळीस रुपयांचे तिकीट फाडण्यात आले! पाखरांना अर्धे तिकीट हा तेथील नियमच आहे. ते तिकीट देशभर गाजले. मला मात्र त्यात एक समाधान वाटले. तिकीट फाडले, म्हणजे त्या चार जिवांना सरकारदप्तरी प्रवासी म्हणून मान्यता मिळाली. रेल्वेने जायचे तर पार्सल कार्यालयात अगोदर चौकशी करावी.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर मी जे सारे लिहिले, ते कॉकाटील, बजरीगर, लव्हबर्ड अशा परदेशी मूळ असलेल्या पाळीव जातींविषयी लिहिले. यांपैकी आफ्रिकन करडा पोपट, मकाव वगैरे आंतरराष्ट्रीय करारातील जातींची २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंद करावी लागते. त्या नोंदीची प्रत प्रवासात जवळ असावी. पण आत्याचा होता तसा कंठीचा हिरवा राघू, खांद्यावर तांबडा डाग असलेला पहाडी पोपट, किंवा आपल्या रानातला दुसरा कोणताही पोपट पाळणे, विकणे, विकत घेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०२२ साली दुरुस्त झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या तरतुदींनुसार त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बाजारात गुपचूप विकली जाणारी पिल्ले झाडाच्या ढोलीतून, जुन्या तटाच्या भोकांतून ओढून काढलेली असतात. विक्रीपर्यंत पोचण्याआधीच त्यांतली कितीतरी मरतात. कोणाच्या घरी असा राघू असेल, तर त्याला एकाएकी सोडूनही देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला रानात पोट भरता येत नाही. वन खात्याशी संपर्क साधून त्यांच्या स्वाधीन करावा.

हे मी माझ्या शाळेतील मुलांनाही सांगतो. एका वर्षी चौथीतल्या एका मुलाने ढोलीतले पिल्लू खिशात घालून वर्गात आणले होते. त्याला मी रागावलो नाही. मधल्या सुटीत त्याच्याबरोबर त्या झाडापर्यंत गेलो. त्याने स्वतःच्या हाताने पिल्लू ढोलीत ठेवले. आम्ही दूर जाऊन उभे राहिलो. काही वेळाने त्याची आई आली आणि ढोलीत शिरली. त्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मला शिकविता आले नसते.

आत्याने त्यानंतर पोपट पाळला नाही. उदगीरहून परतल्यावर तिने पिंजरा एका भंगारवाल्याला देऊन टाकला. पुढच्या सुगीपासून मात्र ती दरवर्षी ज्वारीची कणसे जुडी बांधून ओसरीच्या वाशाला टांगू लागली. पहिल्या वर्षी चिमण्या आल्या. दुसऱ्या वर्षी एके सकाळी दोन राघू आले. ती खांबाआड उभी राहून त्यांना पाहत राहिली. मी शाळेला निघालो होतो. तिने मला जवळ बोलावले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "हालू नकोस. खिडकीशी बसलेत ते."

आत्या आता नाही. कणसांची जुडी आम्ही अजून टांगतो. आणि मोटारीत बसताना खिडकीची जागा मी कोणालाही देऊन टाकतो.